संगीता त्या दिवशी गोदामात नव्हती

माझं माहेर अर्धापूरच्या अलीकडचं, केळीच्या मुलखातलं. बाप दुसऱ्याच्या बागेत घड तोडायचा आणि ट्रकात भरायचा, आणि घड असा खांद्यावर घ्यायचा जसं झोपलेलं लेकरू घेतलंय, कारण केळीला जरा दणका बसला की ती काळी पडते आणि व्यापारी शिव्या घालतो. मला त्यानं तसं कधी उचललेलं आठवत न्हाई, पण माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. गावात शाळा चौथीपर्यंत, पुढची शाळा दुसऱ्या गावाला, पोरीला एकटीला कोण पाठवतंय, मग संपली शाळा. पण मला वाचता येतं, हे आधीच सांगते, कारण पुढं मशिनीवरचं वाचलं म्हणलं की लोक माझ्या तोंडाकडं बघतात.

लग्न करून दिलं ते पार निलंग्याकडं. सासू अर्धं कानडी बोलायची. पहिल्या वर्षी तिच्या शिव्या मला कळायच्या न्हाईत, ते एक वर्ष बरं गेलं. मग नवरा लातूरला दाल मिलमधी हमालीला आला, त्याच्या मागं मी आले, आणि लातूरची झाले. डाळ चाळली, पोती शिवली, धूळ खाल्ली. नवरा गेला. पोरगा टेम्पो चालवतो, आज सोलापूर उद्या हैद्राबाद, घरात कमी आणि रस्त्यावर जास्त. घरात मी, माझी सून संगीता आणि तिची दोन लेकरं. आता काय सांगू तुम्हाला, तुम्ही लिहायला बसलात म्हणून मी केळीपासून सुरू केलं, पण मी तुम्हाला बोलावलं ते माझं गाणं गायला न्हाई. माझ्या सुनेच्या नावाला डाग लागलाय. सासू जमिनीवर पडलेली असताना गोदामात शेजारीच काम करत राहिली, हाकेला आली न्हाई, असं लोक तिच्याबद्दल म्हणतात. ते खोटं हाय. ती तिथं नव्हतीच. हे आधी लिहा, मग बाकीचं.

मिल बंद झाल्यावर आम्ही त्या नव्या गोदामात लागलो. गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला, पत्र्याचं, आत गेलं की दुसरं टोक दिसत न्हाई एवढं. डाळीची पाकिटं, तेलाचे डबे, साबण, बिस्किटं, सगळं उंच उंच रॅकवर. दोन रॅकच्या मधी जी चालायची वाट, तिला आम्ही गल्ली म्हणायचो. दुकानदारांची मागणी आली की गल्लीगल्लीतून माल काढायचा, खोक्यात भरायचा, गाडीला लावायचा. आमची पाच जणींची टोळी. मी, संगीता, शांताबाई, आणि उदगीरच्या दोघी बहिणी. शांताबाईचा गुडघा गेलेला. म्हणून ती बसून खोकी भरायची, बाकीच्या माल आणून द्यायच्या. कुणाची पाळी असली, कुणाला ताप असला, तर ती त्या दिवशी शांताबाईजवळ बसायची आणि आम्ही तिचे पाय व्हायचो. मिलमधी पण असंच होतं. काम टोळीचं, एकटीचं न्हाई. संध्याकाळी गाडी भरली का, एवढंच बघायचं.

मग मशिनी आल्या. काळी, कडेला पिवळं रबर, धरायला मूठ, वर काच. गळ्यात पट्टा. डब्यावरच्या काळ्या रेघांवर धरलं की लाल उजेड पडतो आणि ट्यां करून वाजतं. ती दाखवायला एक टायवाला आला होता. त्यानं ती टेबलावरून फरशीवर टाकली, उचलली, परत टाकली, मग पाण्याच्या बादलीत बुडवली, वरून मालाची गाडी नेली. काही झालं न्हाई. बघा मावशी, कशी मजबूत हाय, म्हणला. शांताबाई माझ्या कानात म्हणली, हिला सून करून घ्या. आम्ही हसलो. टायवाल्याला वाटलं आम्ही खूश झालो.

वाईट मशीन नव्हती ती, हे पण लिहा. कोणता डबा कुठं हाय ते बरोबर सांगायची, हिंडणं कमी झालं. वाईट होता तो पडदा. साहेबाच्या काचेच्या खोलीत टीव्हीएवढा पडदा होता, त्याच्यावर पूर्ण गोदामाचा नकाशा आणि एकेका मशिनीचा एकेक ठिपका. पहिल्याच दिवशी आम्हाला नेऊन दाखवला. हा तुमचा ठिपका मावशी, तुम्ही चाललात की हा चालतो, तुम्ही थांबलात की हा लाल होतो, आणि लाल झालेला मला आवडत न्हाई. साहेब पुण्याकडचा, वय माझ्या पोराएवढं, आवाज गोड. खोलीत थंड हवा. तो दिवसभर तिथं बसून ठिपके बघायचा. लाल झाला की त्याच्या खुर्चीतून निरोप पाठवायचा आणि इथं गळ्यातली मशीन थरथरायची. महिन्यात जिचा ठिपका जास्त लाल तिला घरी.

आता शांताबाईचं काय करायचं? ती बसून खोकी भरणार म्हणजे तिचा ठिपका दिवसभर लाल. साहेबाला जाऊन सांगितलं, साहेब, ती बसून तिघींचं काम करते. तो म्हणला, सिस्टीममधी बसण्याची सोय न्हाई. मग आम्ही आमची सोय केली. शांताबाईची मशीन कधी संगीताच्या गळ्यात, कधी माझ्या. ज्याच्या पायात जोर त्याच्या गळ्यात दोन. पडद्यावर शांताबाई गोदामभर पळून राहिली आणि खरी शांताबाई खाली बसून खोकी भरून राहिली. साहेब एकदा तिला म्हणला, मावशी, या वयात चांगलं चालता तुम्ही. ती हाव म्हणली.

असं चाललं होतं. मग येळवस आली.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, तुम्ही नांदेडचे, तुम्हाला सांगावं लागंल. आमच्या अर्धापूरकडं एवढं न्हाई, पण लातूरला येळवशीला गावात माणूस सापडत न्हाई. सगळे रानात. ज्वारीच्या कडब्याची खोपी करायची, आत दगडाचे पांडव चुना लावून मांडायचे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातल्या आंबिलीची मडकी. ज्याला रान न्हाई त्याला दुसरा बोलावतो. दुकानं बंद, मिली बंद, ॲटो बंद. साहेबाला कुणीतरी म्हणलं, साहेब, उद्या सुट्टी द्या. तो म्हणला, माझ्या कॅलेंडरमधी असला सण न्हाई, उद्या ज्याचा ठिपका दिसणार न्हाई त्यानं परवापासून येऊ नये.

बायांची तोंडं उतरली. संगीताचा बाप औशाकडं असतो, वर्षातून तेवढा एकच दिवस ती माहेरच्या रानात जाते, लेकरं आठ दिवसांपासून उड्या मारत होती. शांताबाईच्या लेकीचं पहिलंच वर्ष सासरी, तिनं आईला रानात बोलावलं होतं. मला कुठं जायचं नव्हतं. दिराचं रान हाय, पण दिराशी मी बोलत न्हाई, ते वेगळं भांडण, ते लिहू नका. मी म्हणलं, आणा तुमची कार्डं इकडं. कपाटातून मशीन काढायची, कार्ड दाखवायचं, आकडा दाबायचा, की हजेरी लागते. आकडा आमचा सगळ्यांचा एकच होता, लक्षात राहावा म्हणून. संगीता म्हणली, आत्या, पाच कशा सांभाळाल? मी म्हणलं, पाच लेकरं सांभाळली असती, तुझ्या सासऱ्याला एकच झालं.

डोकं माझं होतं. चूक केली असं मला तेव्हा वाटलं न्हाई, आजही वाटत न्हाई.

सकाळी गेले. गेटावर खाजाभाई, वॉचमन. त्यानं माझ्या हातातली कार्डं बघितली आणि दुसरीकडं तोंड केलं. शहाणा माणूस. पाचही मशिनी गळ्यात घातल्या. बघितलं असतं तर तुम्ही हसला असता, पोतराजासारखी दिसत असंन मी. गोदाम मोकळं. दुकानंच बंद, तर मागणी कुठली, थोडीथोडकी होती तेवढी मी या गल्लीतून त्या गल्लीत जाऊन एकेका मशिनीवर काढली. एकटीच्या पावलांचा आवाज पत्र्याला लागून परत यायचा. साहेब काचेच्या खोलीत होता. तो पडद्यावर पाच बाया बघून राहिला आणि फोनवर वरच्या साहेबाला सांगून राहिला, सणाच्या दिवशी पण माझी पूर्ण टीम हजर हाय. दार उघडं होतं, मला ऐकू आलं. त्यानं मान वळवली असती तरी त्याला काचेतून दिसलं असतं की एक म्हातारी हाय आणि तिच्या गळ्यात पाच मशिनी हायत. मान वळवली न्हाई. या गोष्टीचा मला अजून राग येतो. मी लपले नव्हते हो. मी मधल्या रस्त्यानं चालत होते.

तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी तेलाचा डबा गळत होता. हे मी आधी सांगितलेलं होतं. साहेब म्हणला होता, मशीनवर टाका. मशीनवर गळक्या डब्याचं बटण न्हाई. त्या तेलावर माझा पाय गेला आणि मी आपटले. उजवा हात अंगाखाली आला, आणि हाड मोडलेलं कळतं, वाळली काडी मोडल्यासारखं कळतं. मशिनी फरशीवर आपटल्या, दगड आपटावा तसा आवाज झाला. एकीलाही ओरखडा न्हाई. सगळ्यांच्या काचा पेटलेल्या.

मी ओरडले. कुणी न्हाई. साहेबानं दार लावून घेतलं होतं, आत गारवा राहावा म्हणून. मी पडून राहिले. आणि मग, ऐका, थोड्या वेळानं पाचही मशिनी माझ्या छातीवर एकदम थरथरायला लागल्या. डाव्या हातानं एक वर करून वाचली. आपण काम थांबवले आहे, कृपया पुढील गल्लीत जा. दुसरी वाचली. तेच. तिसरीवर तेच. साहेब खुर्चीत बसून पाच बायांना रागावून राहिला आणि पाचही बाया मीच. एवढं दुखत होतं, पण दुखण्यापेक्षा राग जास्त आला. पाच बाया एकाच जागी एकदम थांबल्या, तर माणसाच्या मनात काय यावं? काहीतरी झालं असंल, बघून यावं. त्याच्या मनात आलं, गप्पा मारत बसल्या असतील.

मशिनीला बाजूला लाल बटण असतं, जिवावर बेतलं तर दाबायचं. ते दाबलं की साहेबाच्या खोलीत घंटा वाजते. माझं बोट तिथं गेलं आणि थांबलं. तो आला आणि माझ्या गळ्यात पाच बघितल्या, तर चौघींचं काम गेलं. शांताबाईला दुसरीकडं कोण घेणार. उदगीरच्या बहिणींच्या घरी कमावणारं दुसरं कुणी न्हाई. संगीताचं गेलं तर आमची चूल पोराच्या टेम्पोवर, आणि तो टेम्पो महिन्यातून चार वेळा बंद पडतो. मी पडल्या पडल्या विचार केला. मग डाव्या हातानं एकेक पट्टा डोक्यावरून काढला. मान उचलताना डोळ्यापुढं अंधारी यायची. संगीताची मशीन घेतली आणि फरशीवरून ढकलून दिली जोरात, डावीकडच्या गल्लीत. गुळगुळीत फरशी, ती गेली सरकत, रॅकच्या पायाला धडकली आणि खाली घुसली. शांताबाईची उजवीकडं. बहिणींच्या दोन, एक इकडं एक तिकडं, जमंल तेवढ्या लांब. टायवाल्यानं खरं सांगितलं होतं, फुटत न्हाईत. माझी ठेवली गळ्यात आणि मग लाल बटण दाबलं.

मशीन थरथरली. काचेवर आलं, बटण चुकून दाबले गेले का?

मी परत दाबलं. परत दाबलं. दाबतच राहिले.

तेव्हा आला. हातात त्याची ती पाटीएवढी काच, तिच्यात बघत बघत चालत आला, माझा ठिपका शोधत, आणि माझ्या पायाला ठेचकाळला. खरं सांगते, ठेचकाळला, तेव्हा त्यानं खाली बघितलं. घाबरला. आणि पहिलं काय म्हणला? मावशी, बाकीच्या कुठं हायत?

मी म्हणलं, आधी मला उठव.

त्यानं परत काचेत बघितलं. चार गल्ल्यांत चार ठिपके. म्हणला, हां, हायत आपापल्या जागी. एवढं गोदाम शांत, कुठं पाऊल वाजत न्हाई, कुठं बांगडी वाजत न्हाई, आणि हा म्हणतो हायत. चार पावलं जाऊन गल्लीत डोकावला असता तर. न्हाई डोकावला. आमचं काम वाचलं ते त्याच्या न डोकावण्यानं वाचलं, पण म्हणून मी त्याला दुवा देऊ का? माणसापेक्षा ठिपका खरा मानणाऱ्याला?

खाजाभाईनं मोटारसायकलवर दवाखान्यात नेलं. ॲटो एक न्हाई रस्त्याला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईच्या टेबलावर कुणीतरी आणून दिलेला आंबिलीचा तांब्या होता, ती म्हणली, मावशी, आज कामावर कोण जातं. संध्याकाळी खाजाभाईनं लांब झाडू घालून रॅकखालच्या मशिनी काढल्या आणि कपाटात लावल्या. कुणाला बोलला न्हाई. संगीता रानातून तशीच पळत आली, हाताला चुना, पायाला काळी माती. रडली न्हाई, माझ्यावर ओरडली. म्हणली, पाचही गळ्यात घालायला तुम्ही काय खुंटी हाय का, दोन-तीन कुठं ठेवून द्यायच्या होत्या. आणि ओरडता ओरडता माझे केस बांधून राहिली. ती गोड सून न्हाई. मी पण गोड सासू न्हाई. आमचं जमतं.

आता खरं दुखणं इथून सुरू होतं. दुसऱ्या दिवशी साहेबानं चौघींना उभं केलं. म्हणला, मी स्वतः पडद्यावर बघितलं, तुम्ही चौघी हाकेच्या अंतरावर होता. म्हातारी बाई पडली, ओरडली असंल, एकीलाही यावंसं वाटलं न्हाई? आणि संगीता, तुझी तर सासू हाय. तू सगळ्यांत जवळच्या गल्लीत होतीस. दगड हायस का? त्या चौघी काय बोलणार? आम्ही नव्हतो म्हणलं की काम गेलं. होतो म्हणलं की इज्जत गेली. त्यांनी इज्जत दिली.

हमालांनी ऐकलं, ड्रायव्हरांनी ऐकलं, आमच्या घराच्या गल्लीत आलं, तिथून निलंग्याला गेलं. पोराला रस्त्यात फोनवर कळलं, तो फोनवरच संगीताला नको नको ते बोलला. घरी आल्यावर मी त्याला खरं सांगितलं, पण बाहेर तो तरी कुणाला सांगणार. एका लग्नात माझी जाऊ पंगतीत मोठ्यांदा म्हणली, हिच्या हातचं पाणी नको ग बाई, ही सासूला मरू देईल पण मशीन थांबू देणार न्हाई. सगळ्या बाया हसल्या. मी प्लास्टरातला हात घेऊन उठलेच, माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं. संगीतानं माझा पदर धरून खाली बसवलं आणि हळूच म्हणली, आत्या, बसा. नाव गेलं तर परत मिळवता येईल. काम गेलं तर लेकरांना काय नाव वाढू का ताटात?

मी बसले. त्या दिवशीचं जेवण मला अजून पचलेलं न्हाई.

कंपनीचं दवाखान्यात कुणी आलं न्हाई. त्यांचं म्हणणं, तेल सांडल्याची तक्रार मशिनीत न्हाई, म्हणजे तेल नव्हतं. हात वाकडाच जुळला. पोळी लाटता येत न्हाई, भाकरी थापते, ती पण एका बाजूनं जाड. कामावरून मला कमी केलं, ठिपका बंद झाला, झालं.

आता तुम्ही म्हणाल, आज कामून सांगून राहिलात. कारण ती कंपनी गेली. मशिनी खोक्यात घालून गेल्या, साहेब त्यांच्यासंगं गेला. गोदाम दुसऱ्यानं घेतलंय. शांताबाई लेकीकडं गेली, उदगीरच्या बहिणी उदगीरला. संगीता नव्या कंपनीत, त्याच गोदामात. नव्या मशिनीला सकाळी तोंड दाखवावं लागतं, तेव्हा ती चालू होते, दुसरीच्या गळ्यात घालून चालत न्हाई. यंदा येळवशीला नवा साहेब पण म्हणला सुट्टी न्हाई. लेकरं आजोबाच्या रानात एकटी गेली, संगीता तोंड दाखवायला गोदामात गेली. मी घरी भज्जी केली, डाव्या हातानं. संध्याकाळी ती आली, जेवली, बरी झालीय म्हणली. खारट झाली होती.

म्हणून हे लिहा आणि निलंग्यात वाचलं जाईल असं छापा. माझ्या जावेला वाचता येत न्हाई, तिला कुणीतरी वाचून दाखवावं, मोठ्यांदा, पंगतीत. संगीता तिथं नव्हती. ती रानात होती, पांडवाला चुना लावून राहिली होती, आणि मीच तिला जा म्हणलं होतं. माझा राग गेला का म्हणता? न्हाई गेला, आणि जावा असं मला वाटत पण न्हाई.

बाकी देव त्या चौघींचे पाय धड ठेवो, लई चालायचंय त्यांना अजून. आणि त्या साहेबाला पण देव पाय देवो. लई न्हाई, खुर्चीतून उठून दारापर्यंत यायला पुरतील एवढे.